शंभरपर्यंत पाठ, पण चार बटणं देता येईनात

मोठ्या शिशुगटातली मुलगी. वय साडेचारच्या थोडं पुढे. वर्गताईंची तक्रार अशी, की अंकांची कार्डं क्रमाने लाव म्हटलं की कधी झटकन लावते, कधी सगळा गोंधळ घालते, आणि दोन्ही वेळा तिचा चेहरा सारखाच निर्धास्त असतो. आईचं म्हणणं नेमकं उलट: "हिला शंभरपर्यंत आकडे येतात. आजीला फोनवर रोज म्हणून दाखवते. मग शाळेतच का अडतंय?"

दोघींचंही खरं होतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून काढतेय. आकडे घडाघडा म्हणणारी पण संख्येशी ओळख न झालेली मुलं बालवर्गात नेहमी भेटतात. त्यांना "सराव कमी पडतोय" म्हणून आणखी आकडे म्हणायला लावलं जातं, आणि ती ते आणखी सफाईने म्हणू लागतात. मूळ अडचण तशीच राहते, फक्त आता ती दिसत नाही.

ओळख पटेल असे सगळे तपशील गाळले आहेत.

आधी काय तपासलं

पहिल्यांदा नुसते आकडे म्हणायला सांगितले. एकपासून सुटली ती एकोणचाळीसपर्यंत न अडखळता. तिथे थांबली, मग एकदम साठ. हे ठीकच आहे, या वयात असं होतं. खरी गंमत पुढच्या प्रश्नाला झाली. "आता सातपासून पुढे म्हण." ती थोडा वेळ बघत राहिली आणि "एक, दोन, तीन..." अशी सुरुवातीपासून निघाली. सात आल्यावर आवाज चढवला आणि तशीच पुढे गेली. पुन्हा विचारलं, "सातच्या पुढे कोण येतं?" पुन्हा एकपासून. मुलांच्या मोजणीच्या अभ्यासक कॅरन फ्यूसन यांनी १९८८ मध्ये या टप्प्यांचं बारकाईने वर्णन केलं आहे: सुरुवातीला आकड्यांची ओळ मुलासाठी न तुटणाऱ्या साखळीसारखी असते, कुठलीही कडी हवी असेल तर पहिल्या टोकापासून ओढत यावं लागतं. नंतर साखळी मधूनच धरता येऊ लागते, आणि फार पुढे ती दोन्ही दिशांनी चालवता येते. आमची मुलगी न तुटणाऱ्या साखळीपाशी होती. साखळी लांबलचक होती, एवढंच.

मग बटणं. सात बटणं ओळीत मांडली, बोट ठेवत बरोबर मोजली. तीच सात बटणं ढिगात ठेवली तर एक दोनदा मोजलं गेलं, एक सुटलं. दहाहून बरीच जास्त बटणं असलेल्या ओळीत आणखी एक चूक झाली, जी शेजारी बसून बोटाकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. दहापर्यंत एका शब्दाला एक बटण असं चाललं होतं. "अकरा" म्हणताना मात्र "अक" एका बटणावर आणि "रा" पुढच्यावर. "बा-रा"चंही तेच. बोट शब्दाबरोबर चालण्याऐवजी उच्चाराच्या ठेक्यावर चालत होतं. दुरून ऐकणाऱ्याला वाटेल, आकडे बरोबर आहेत की. उत्तर चुकलं तर "लक्ष नाही" असा शेरा मिळेल.

ओळीतली सात बटणं मोजून झाल्यावर "किती आहेत?" विचारलं, तर लगेच उत्तर आलं, "सात." इथे बहुतेक जण तपासणी थांबवतात. शेवटचा आकडा म्हणजेच एकूण, हे तिला कळलंय असं धरून पुढे जातात. पण शेवटचा शब्द पुन्हा म्हणणं ही सवयही असू शकते. मोठी माणसं मोजून झाल्यावर "किती?" विचारतात आणि शेवटचा शब्द ऐकून खूश होतात, हे मुलांना फार लवकर कळतं. म्हणून प्रश्न उलटा करायचा. सगळी बटणं डब्यात टाकून डबा तिच्यासमोर ठेवला. "मला एक दे." दिलं. "दोन दे." दिली. "तीन दे." एकदा दिली, एकदा चार आली, मग पुन्हा बरोबर तीन. "चार दे." मूठभर उचलून माझ्या तळहातावर ओतली. "ही चार आहेत का?" "हो." "मोजून बघ." मोजली, नऊ झाली. "मग चार आहेत का?" "हो, चारच आहेत."

हे उत्तर ऐकून हसू येतं, पण त्यातच सगळं निदान आहे. मानसशास्त्रज्ञ कॅरन विन यांनी १९९० च्या सुमारास हीच 'अमुक इतके दे' पद्धत वापरून दाखवलं, की मुलं संख्या एकेक करून शिकतात. आधी एकचा अर्थ कळतो, बऱ्याच काळाने दोनचा, मग तीनचा. दरम्यान बाकीचे सगळे आकडे तोंडपाठ असले तरी त्यांचा अर्थ "पुष्कळ" एवढाच असतो. तीन-चारपर्यंत अशी रांगत गेलेली वाट मग अचानक मोकळी होते. मोजून जो शब्द शेवटी येतो तोच किती हे सांगतो, ही गोष्ट एकदा उमगली की पाच, सहा, सात वेगवेगळे शिकावे लागत नाहीत. आमची मुलगी तीनपाशी होती. तिच्या लेखी चार, नऊ आणि एकोणचाळीस हे सगळे शेजारी होते.

आता कार्डांचा उलगडा झाला. १ ते १० सगळी कार्डं दिली की ती मनात ओवी म्हणावी तसे आकडे म्हणत एकेक कार्ड शोधून लावायची. तिथे फक्त दोन ठिकाणी घसरायची: ३ आणि ६ ची अदलाबदल व्हायची, आणि १ च्या जागी कधी ९ यायचा. देवनागरीत ३ आणि ६ एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं आहेत आणि १ व ९ चेहऱ्याने भावंडं वाटतात, त्यामुळे ही चूक नजरेची आहे, गणिताची नाही. तिच्यावर वेगळं काम केलं, ते पुढे येईलच. पण ४, ७ आणि ९ ही तीनच कार्डं दिली तेव्हा तिने ती फिरवून पाहिली, टेबलाखाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "ताई, एक कुठंय?" एक सापडल्याशिवाय क्रम सुरूच होऊ शकत नव्हता. वर्गताईंना जी चंचलता वाटत होती ती अशी होती. पूर्ण संच मिळाला की जमायचं, तुटका मिळाला की नाही.

बटणांची ओळ पसरवून "आता जास्त झाली का?" हाही प्रश्न विचारला. "हो, जास्त झाली." ही बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांची जुनी चाचणी: मांडणी बदलली तरी वस्तू तेवढ्याच राहतात हे मुलाला कळतं का, ते पाहणारी. या वयाची बरीचशी मुलं असंच म्हणतात, म्हणून तिला मी महत्त्व दिलं नाही. शिवाय जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी सत्तरच्या दशकात हाच प्रयोग वेगळ्या रीतीने केला. ओळ मोठ्या माणसाने मुद्दाम पसरवण्याऐवजी एका खोडकर टेडीने येऊन विस्कटली, तेव्हा कितीतरी जास्त मुलांनी "तेवढीच आहेत" असं सांगितलं. मोठं माणूस काहीतरी बदलतं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारतं, तेव्हा मूल "उत्तर बदलायला हवं असेल" असं समजतं. त्यामुळे एका प्रश्नावरून मुलाला नापास करू नये.

कानांची आणि डोळ्यांची तपासणी झालेली होती, दोन्ही ठीक. भाषा चांगली, गोष्टी रंगवून सांगायची. वर्गताईंनी दबक्या आवाजात गणिताच्या अध्ययन अक्षमतेबद्दल विचारलं. साडेचारव्या वर्षी आणि कुठल्याही नीट शिकवण्याआधी असं लेबल लावायला माझा स्पष्ट नकार होता. आधी शिकवून बघू, प्रतिसाद कसा येतो ते पाहू, मग गरज पडली तर तज्ज्ञांकडे जाऊ, असं ठरलं.

काय बंद केलं

हा भाग आईला जड गेला. शंभरपर्यंत म्हणणं बंद. वहीत अंक गिरवणं काही काळ बंद. वर्कशीट पूर्ण बंद. काम फक्त पाचपर्यंत, मग दहापर्यंत. "म्हणजे आपण हिला मागे नेतोय," आई म्हणाल्या. मी त्यांच्यासमोर चार बटणांचा प्रयोग पुन्हा केला. मूठभर बटणं माझ्या हातावर पडल्यावर त्या गप्प झाल्या. सगळ्या स्पष्टीकरणांपेक्षा हे जास्त उपयोगी पडतं. पालकांना अहवाल देण्याऐवजी मुलाशेजारी बसवावं.

वर्कशीटचा राग का, तेही सांगते. 'चार फुलांना गोल करा' या प्रकारात चित्रातल्या वस्तू हलत नाहीत. मोजलेल्या बाजूला सारता येत नाहीत, ढीग करता येत नाही, एक वाढवून पाहता येत नाही. आणि चूक झाली तर ती ताईंच्या लाल पेनाशिवाय कळत नाही. मला हव्या होत्या त्या अशा कृती, ज्यांत मोजल्याशिवाय काम अडेल आणि चुकलं तर वस्तूच ते सांगतील.

एकाच फेरीत आण

पहिली कृती म्हणून बाटल्या आणि झाकणं घेतली. खोलीच्या एका टोकाला झाकण नसलेल्या चार छोट्या बाटल्या, दुसऱ्या टोकाला झाकणांची टोपली. नियम एकच: एकाच फेरीत आणायची, सगळ्या बाटल्या बंद झाल्या पाहिजेत आणि एकही झाकण उरता कामा नये. "मोज" हा शब्द मी उच्चारला नाही. कृतीचा सगळा जोर त्यावरच आहे. मोज म्हटलं की मूल मोजून दाखवतं. इथे मोजायची गरज त्याला स्वतःला वाटायला हवी.

पहिल्यांदा तिने मूठभर झाकणं आणली. तीन उरली. तिने ती खिशात घालायचा प्रयत्न केला, जे अतिशय हुशारीचं होतं. पुढच्या वेळी एक कमी पडलं. बाटली उघडीच राहिली, मी काहीच बोलले नाही, तीच म्हणाली, "एक राहिलं." मग तिने एक युक्ती काढली: बाटल्यांकडे बघत एकेक बोट दुमडलं आणि ती बोटं तशीच धरून टोपलीकडे गेली. बोटाला एक झाकण. ही मोजणी नाही, पण उत्तम गणित आहे. एकास-एक संगती तिने बोटांवर घालून खोलीच्या पलीकडे वाहून नेली. हे बघून कुणाला "बोटं वापरू नकोस" म्हणावंसं वाटत असेल तर कृपा करून म्हणू नका.

बोटांची युक्ती मोडावी म्हणून मी बाटल्या वाढवल्या नाहीत. तिच्या एका हातात कापडी पिशवी दिली आणि दुसऱ्या हातात बाहुली. बोटं अडकली. ती थांबली. बाटल्यांकडे परत गेली, "एक, दोन, तीन, चार" मोजलं आणि निघाली. चालताना ओठ हलत होते. जवळून ऐकू आलं: "चार चार चार चार चार." टोपलीपाशी बाहुली खाली ठेवून चार झाकणं मोजून घेतली. आल्यावर बरोबर बसली. शेवटचा शब्द आता तिच्यासाठी साठवून नेता येणारी वस्तू झाला होता. बाटल्यांचे 'चार' आणि झाकणांचे 'चार' एकच आहेत, ही गोष्ट तिने शब्दाच्या खांद्यावर टाकली.

ही कृती मी बरेच दिवस चालवली. दर वेळी संख्या बदलत, कधी दोन, कधी पाच, म्हणजे ती "नेहमी चार" असं धरून बसणार नाही. कधी बाटल्या ओळीत, कधी विखुरलेल्या. विखुरलेल्या वस्तू मोजताना तिला मोजलेली बाटली बाजूला सरकवायला शिकवलं. हे मात्र सरळ सांगून, दाखवून. सगळं मुलांनी शोधूनच काढावं असा माझा आग्रह नाही. सरकवत मोजणं ही हस्तकौशल्याची गोष्ट आहे, ती दाखवली की येते. 'अक-रा'चा ठेकाही याच सरकवण्याने सुटला, कारण एक बटण पूर्ण सरकल्याशिवाय पुढचा शब्द म्हणायचाच नाही.

झाकलेल्या डब्यात एक टाकला

मोजून बरोबर आणणं आलं, तरी क्रमाचं कोडं सुटत नाही. पाचच्या पुढे सहा येतो हे ओळीचं ज्ञान. सहा म्हणजे पाचापेक्षा नेमका एकाने जास्त हे ढिगाचं ज्ञान. या दोघांची गाठ पडल्याशिवाय चढता-उतरता क्रम ही निव्वळ पाठांतराची बाब राहते. या प्रकरणातलं माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, आणि खाली जे काही केलं ते या गाठीसाठी.

डबा तिच्यासमोर ठेवला. तिनेच चार मणी मोजून आत टाकले. झाकण लावलं. "आत किती?" "चार." झाकणाच्या फटीतून मी एक मणी आत सोडला, टक्क आवाज झाला. "आता किती?" ती म्हणाली, "उघड." "उघडायचा नाही, आधी सांग." "दहा." उघडलं, मोजलं, पाच. पुन्हा केलं. "सात." उघडलं, पाच. काही दिवस हे अंदाज असेच फिरत राहिले. संख्या बदलली हे तिला कळत होतं, कितीने बदलली हे कळत नव्हतं. बार्बरा सार्नेका आणि सुझन केरी यांनी २००८ मध्ये जवळपास अशीच कृती मुलांना दिली होती. एक वस्तू वाढली की ओळीतला लगतचा पुढचा शब्द लागू होतो, दोन वाढल्या की त्याच्याही पुढचा, हे बहुतांशी तीच मुलं सांगू शकली ज्यांना मोजून हवी तितकी वस्तू देता येत होती. म्हणून हा खेळ झाकणांनंतर आला. आधी आणला असता तर फुकट गेला असता.

फरक पडला तो दोनवरून तीन करताना. लहान संख्यांवर तिचा भरवसा होता, म्हणून मी मागे गेले: एक आणि टक्क, दोन. दोन आणि टक्क, तीन. तीन आणि टक्क... तिने माझ्याकडे पाहिलं आणि प्रश्न विचारल्यासारखं म्हणाली, "चार?" उघडलं. चार होते. पुढचे मणी तिने मला टाकूच दिले नाहीत, स्वतः टाकत आणि म्हणत गेली, आठपर्यंत. नंतर उलटा खेळ: एक काढून घेतला, आता किती? हा फार अवघड गेला, कारण ओळ मागे चालवता येत नव्हती. तो मी पुढे ढकलला.

ठोकळ्यांचा जिना

एकमेकांत बसणारे सारख्या आकाराचे ठोकळे घेऊन एकपासून दहापर्यंतचे मनोरे तिने बांधले. मनोरे उंचीप्रमाणे लावायला तिला काहीच कष्ट पडले नाहीत. इथे एक सावधगिरी लागते. उंचीने क्रम लावायला संख्येची गरजच नसते. नुसत्या डोळ्यांनी जिना बनतो. वर्गात असे सुंदर जिने बनतात, फोटो निघतात, आणि मुलांनी दहापर्यंतचा क्रम शिकला असं नोंदवलं जातं. त्यातून उंच-बुटकं कळतं हे खरं, पण संख्या कळतेच असं नाही.

म्हणून जिना बनल्यावर खरी कृती सुरू केली. तिने डोळे मिटायचे, मी एक मनोरा काढून घेऊन बाकीचे सरकवून जवळ आणायचे. डोळे उघडून तिने सांगायचं, कोण पळालं? सुरुवातीला प्रत्येक मनोरा खालपासून मोजत गेली. काही दिवसांनी पायऱ्यांवरून बोट फिरवून "इथे मोठी उडी आहे" असं दाखवू लागली. प्रत्येक पायरी एका ठोकळ्याची, आणि जिथे दोन ठोकळ्यांची उडी पडते तिथला मनोरा हरवलाय. शेजारचा मनोरा पाचचा असेल तर पळालेला सहाचा, हे ती न मोजता सांगू लागली तेव्हा ओळ आणि ढीग एकमेकांना भेटले असं मी नोंदवलं.

मारिया माँटेसरींच्या दहा काठ्यांमध्येही हीच कल्पना आहे. सगळ्यांत छोटी दहा सेंटिमीटरची, सगळ्यांत मोठी एक मीटरची, लाल-निळे पट्टे आलटून पालटून. त्यांचा एक गुण ठोकळ्यांत नाही: सातची काठी ही एक अखंड वस्तू आहे, ती सांडत नाही, 'सात' एकसंध हातात येतो. ठोकळ्यांचा गुण वेगळा, सहाचा सात आपल्या हाताने करता येतो. मला या मुलीसाठी दुसरा जास्त हवा होता.

साहित्याबद्दल एक बोलून टाकते. वर्गात मोजणीसाठी रंगीत अस्वलांचा सुरेख संच होता. तिने त्यांतल्या मोठ्याला बाबा, मधल्याला आई आणि छोट्याला बाळ केलं, आणि पाचवं अस्वल द्यायला साफ नकार दिला, कारण बाळ झोपलं होतं. वस्तू जितकी मोहक तितकी ती स्वतःच लक्ष खाते, संख्येसाठी काही उरत नाही. बटणं, खडे, झाकणं, काड्या. कंटाळवाण्या वस्तू मोजायला सगळ्यांत चांगल्या.

दोरी, चिमटे आणि दहा घरं

दोरीवर चिमट्यांनी अंकांची कार्डं अडकवायची, पण १ पासून सुरुवात करायची नाही. मी ५ मध्यावर लावला आणि तिच्या हातात ८ दिला. "हा कुठल्या बाजूला?" तिला १ हवा होता. एक न देता विचारलं, "आठचा मनोरा पाचच्या मनोऱ्यापेक्षा उंच की बुटका?" "उंच." "मग?" तिने ८ उजवीकडे लावला. सुरुवातीला पाठीमागे मनोरे उभे करून ठेवत होते, नंतर ते झाकले, नंतर काढून टाकले. मग ५ आणि ८ च्या मध्ये ६ आणि ७ बसवायचे. इथे पहिल्यांदा तिने एक कार्ड सरकवून दुसऱ्याला जागा करून दिली.

त्यासोबत एक पट. गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर यांच्या २००८ च्या अभ्यासातला हा खेळ शक्य तितका तसाच ठेवला: सरळ रेषेत सारख्या मापाची दहा घरं, त्यात १ ते १० अंक, आणि चक्रीवर फक्त १ आणि २. त्यांच्या अभ्यासात जेमतेम तासाभराच्या एकूण खेळातून लहान मुलांची अंकांची तुलना आणि संख्यारेषेवरचा अंदाज सुधारला. अंकांऐवजी नुसते रंग असलेल्या पटावर खेळलेल्यांचा सुधारला नाही. पुढच्या अभ्यासात गोल पटापेक्षा सरळ पट चांगला ठरला. पण नियमातली एक बारीक अट सगळ्यात महत्त्वाची आहे आणि तीच हमखास गाळली जाते. सोंगटी पाचवर असेल आणि दोन पडले, तर "एक, दोन" म्हणत जायचं नाही, "सहा, सात" म्हणत जायचं. "एक, दोन" म्हटलं की पटावरचे अंक नुसती नक्षी होतात.

ती इथे अडली. पाचवर उभी असताना दोन पडले की आधी स्वतःच्याच घरावर सोंगटी आपटून "पाच" म्हणायची, मग "सहा", आणि थांबायची. उभं असलेलं घर मोजण्याची ही चूक मोठी मुलंही करतात. मी नियम केला की सोंगटी हवेत उडाल्याशिवाय आवाज काढायचा नाही. उडी, मग आकडा. माझ्या मते समजुतीपेक्षा या नियमाने काम केलं. समजूत नंतर आली.

३-६ आणि १-९ साठी खरखरीत कागदाचे अंक कापून बोटाने गिरवले, आणि प्रत्येक अंकाशेजारी तितकेच ठिपके. ३ चं पोट कुठल्या बाजूला आणि ६ चं कुठल्या, हे बोटाला कळायला वेळ लागतो. डोळ्यांना त्याहून जास्त. याहून जास्त काही केलं नाही. या वयात अंक उलटे होणं सर्रास असतं आणि बहुतेकांचं आपोआप सुटतं.

कुठवर पोचली

'अमुक इतके दे' ही चाचणी अधूनमधून घेत होते. चार बराच काळ डळमळीत राहिला. पाच आला आणि मग सहा-सात-आठ वेगळे शिकवावे लागलेच नाहीत. विन यांनी वर्णन केलेली मोकळी वाट इतकी स्पष्ट पाहायला मिळेल असं वाटलं नव्हतं. एका आठवड्यात पाच देताना दोनदा मोजणारी मुलगी पुढच्या आठवड्यात नऊ बटणं शांतपणे मोजून देत होती.

४, ७, ९ ही कार्डं तिने पुन्हा लावली तेव्हा १ शोधला नाही. सातपासून पुढे म्हणता येतं. "आठ मोठा की सहा?" याचं उत्तर बरोबर येतं, पण ८ आणि ९ मध्ये थबकते. वर्गताईंना ती कच्ची वाटली. हे थबकणं सगळ्यांत असतं. रॉबर्ट मॉयर आणि थॉमस लँडॉर यांनी १९६७ मध्येच दाखवलं होतं, की जवळजवळच्या अंकांतला मोठा कोणता हे सांगायला प्रौढ माणसांनाही दूरच्या अंकांपेक्षा जास्त वेळ लागतो. २ आणि ९ क्षणात, ८ आणि ९ जरा थांबून. या थांबण्याचे गुण कापायचे नाहीत.

जे अजून नाही: उलटी मोजणी दहापासून जेमतेम सहापर्यंत येते, म्हणून डब्यातून एक काढून घेतल्यावर अजून अंदाजच लावते. दहाच्या पुढचं काम नुकतंच सुरू केलंय, दोन ओळींत पाच-पाच घरांच्या चौकटीवर. एक चौकट भरली की दहा, वरचे दुसऱ्या चौकटीत. तिथे एकोणीसने (एक उणे वीस, पण कानाला वीसच ऐकू येतं) अपेक्षेप्रमाणे त्रास दिला; त्याचं कार्ड ती विसाच्या पुढे लावते. चौकटी भरून पाहिल्या की स्वतःच मागे घेते, कारण एक घर रिकामं दिसतं. एकोणतीस-एकोणचाळीसला हाच घोळ होणार, आणि तेव्हा तिच्यासमोर पुन्हा वस्तूच असायला हव्यात. शून्याला अजून हात लावलेला नाही.

आईने घरी शंभरचं म्हणणं पुन्हा सुरू केलंय. मी हरकत घेतली नाही. ती ओळ पुढे उपयोगाचीच आहे, आणि मुलीला ती म्हणायला आवडते.

पुढच्या वर्गाच्या ताईंना दिलेल्या नोंदीत तीनच गोष्टी लिहिल्या. क्रम तपासताना पूर्ण संच देऊ नका, तुटका द्या. "मोज" म्हणण्याआधी "इतके आण" म्हणून बघा. आणि दिवाळीच्या सुट्टीनंतरही उलटी मोजणी दहापासून एकपर्यंत आली नसेल, किंवा वीसपर्यंतच्या वस्तू मोजून देताना पुन्हा मूठभर येऊ लागल्या, तर मला कळवा. मग तज्ज्ञांचं मत घ्यायचं ठरलेलं आहे.